भजनाचं हँडीकॅम आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग, प्लेयरवर चालणारी डीव्हीडी आणि गाडीसाठी नुसता आवाज, कसं करायचं?

टाळकरी_वाई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या भजनी मंडळाचा एकादशीचा कार्यक्रम यंदा पूर्ण शूट केलाय. एक फुल एचडी हँडीकॅम समोर स्टँडवर लावला होता आणि पुतण्या मोबाईल घेऊन बाजूने फिरत होता. हँडीकॅमच्या कार्डावर एमटीएस नावाच्या चारपाच फाइली आल्यात, कार्यक्रम सलग असून त्याने मध्येच तोडलंय का कळत नाही. मोबाईलचं एमपी४ आहे. एकूण कार्यक्रम २ तास ४७ मिनिटं.

आता मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे डीव्हीडी, कारण मंडळातले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे, त्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर आहे, दोघातिघांकडे अजून डबा टीव्ही आहे, आणि त्यांना यूट्यूबची लिंक पाठवून काही उपयोग नाही, डिस्क घातली बटण दाबलं आणि लागलं पाहिजे. दुसरं म्हणजे दिंडीच्या टेम्पोत सीडी प्लेयर आहे त्यासाठी नुसता आवाज काढून, अभंग वेगवेगळे करून.

तालुक्याच्या एका दुकानात दिलं होतं, त्याने डिस्क करून दिली ती लॅपटॉपवर मस्त चालते आणि प्लेयरमध्ये घातली की "नो डिस्क". मग घरी एका फुकट कन्व्हर्टरवर मोबाईलचा व्हिडिओ टाकून बघितला तर सुरुवातीला ठीक पण शेवटी शेवटी टाळ वाजताना दिसतो आधी आणि ऐकू येतो नंतर, बुवांनी पहिल्या नजरेत पकडलं! वर त्या कन्व्हर्टरने मधोमध स्वतःचं नाव छापलंय ते वेगळंच.

लॅपटॉप विंडोज आहे, डीव्हीडी रायटर आहे. विकत सॉफ्टवेअर घ्यायची तयारी नाही, मंडळाचे पैसे आहेत.

रांगडा_कोल्हापूर

भावा एवढा कुटाणा कशाला, सगळ्यांना एकेक पेन ड्राईव्ह दे, आजकाल प्लेयरला पण यूएसबी असतं.

टाळकरी_वाई

दादा बघितलं ते पण करून, यूएसबी आहे दोघांच्या प्लेयरला पण एमपी४ लावली की "अनसपोर्टेड" म्हणतो.

बिटरेटबाबा

म्हणणारच. त्या काळच्या प्लेयरांच्या यूएसबीला एमपेग-१, एमपेग-२ आणि फार तर डिव्हएक्स/एक्सव्हिडची एव्हीआय एवढंच कळतं, मोबाईल आणि हँडीकॅम जे एच २६४ (नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ) बनवतात ते उघडायची चिपच त्यात नाही. फाइलचं नाव बदलून एव्हीआय केलं म्हणून काही होत नाही, लोक करतात तसं म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता तुमच्या दुकानदाराचं. त्याने बहुतेक एमपी४ तशीच्या तशी डिस्कवर कॉपी करून दिली असणार. ती झाली डेटा डिस्क. टीव्हीच्या प्लेयरला जी डीव्हीडी लागते ती डीव्हीडी-व्हिडिओ, तिचे नियम १९९६ साली डीव्हीडी बाजारात आली तेव्हाचे आहेत आणि मूळ नियम अजून तेच आहेत. डिस्क लॅपटॉपमध्ये उघडून बघा, आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाइली दिसल्या तर ती खरी डीव्हीडी. नुसती एमपी४ दिसली तर त्याने फसवलं नाही म्हणता येणार पण काम अर्धंच केलं. (ऑडिओ_टीएस नावाचा रिकामा फोल्डर पण असतो, तो रिकामाच असतो, घाबरू नका, काही जुन्या प्लेयरना तो लागतो म्हणून ठेवायचा.)

नियम काय ते आधी डोक्यात घ्या मग सॉफ्टवेअर कुठलंही वापरा. चित्र एमपेग-२ मध्ये पाहिजे. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. तुमचं फुल एचडी १९२० बाय १०८० आहे, ते आक्रसून इतकं लहान होणार, त्याला इलाज नाही, डीव्हीडीवर एचडी नसतंच. व्हिडिओचा बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती ते) जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस, पण घरी लिहिलेल्या डिस्कला ८ च्या वर जाऊ नका, जुने प्लेयर अडखळतात. आवाज एसी३, एमपी२ नाहीतर पीसीएम (म्हणजे न दाबलेला पूर्ण आवाज), आणि तोही ४८ किलोहर्ट्झच. मोबाईलमध्ये आवाज एएसी असतो तो डीव्हीडीला चालत नाही.

आता २ तास ४७ मिनिटं. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हा हिशोब करायचा असतो आणि कोणी करत नाही. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते कंपनीचं हजारच्या पटीतलं, विंडोज तेच ४.३७ दाखवतो, त्यामुळे ४.६ ची फाइल करून बसलात तर मावणार नाही. ४.७ अब्ज बाइट गुणिले ८ म्हणजे ३७.६ अब्ज बिट, तुमचे सेकंद १००२०, भागाकार केला की साधारण ३७५० केबीपीएस (सेकंदाला तितके हजार बिट) येतात. त्यातून आवाजाचे २५६ गेले, पॅकिंग आणि मेनूची घट धरली तर चित्राला ३२०० ते ३३०० उरतात. फार नाही, पण कॅमेरा स्टँडवर आहे, बुवा बसलेले आहेत, मागची भिंत हलत नाही, अशा चित्राला टू पास एन्कोडिंग केलंत तर पुरतं. टू पास म्हणजे सॉफ्टवेअर आधी सगळा व्हिडिओ एकदा नुसता बघून घेतं, कुठे हालचाल जास्त ते टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो, रात्री लावून झोपा.

स्टुडिओवाला_मिरज

बाबांचं गणित बरोबर आहे पण एक विचारू का टाळकरी, तुमच्याकडे शेवटी पावली खेळतात का?

टाळकरी_वाई

खेळतात की! शेवटची पाऊण तास पावलीच आहे, पोरंसोरं सगळी उभी, मग फुगड्या.

स्टुडिओवाला_मिरज

मग ३२०० विसरा. मी लग्नाच्या डीव्हीड्या काढायचो त्या काळात, आता ते काम संपलं, पण वरातीत बँडपुढे नाचणारी माणसं आणि वरून पडणारा गुलाल हे कमी बिटरेटला दिलं की चित्राचे चौकोन चौकोन पडतात हे इतकं बघितलंय. पावलीत वीस माणसं एकदम मागेपुढे होतात, प्रत्येकाच्या हातात टाळ चमकतोय, टू पास लावला तरी तो आणणार कुठून, इकडचं काढून तिकडे देणार आणि बसलेले बुवा खराब होणार.

सरळ दोन डिस्क करा. मध्ये चहाला थांबला असाल ना? तिथे तोडा. पूर्वार्ध, उत्तरार्ध. प्रत्येकी ८४ मिनिटांच्या आत बसतं, मग चित्राला ६५०० सुखाने देता येतात आणि घाम न येता मावतं. कोरी डिस्क काय महाग नाही. कोणी ड्युअल लेयर म्हणजे ८.५ जीबीवाली सुचवेल तर घेऊ नका, ती महाग, रायटरला नखरे, आणि एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना जुना प्लेयर अडकला की आजोबा फोन तुम्हालाच करणार.

बिटरेटबाबा

पावली असेल तर मान्य, दोन डिस्क. मी बैठं भजन धरून चाललो होतो.

आता ते आवाज मागे पडण्याचं. त्याचं कारण मोबाईल आहे. मोबाईल कॅमेरा ३० फ्रेम म्हणतो खरा पण मंडपात उजेड कमी झाला की गुपचूप २४-२५ वर येतो, परत उजेड आला की ३०. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. आवाज मात्र आपल्या एकसारख्या वेगाने चाललेला असतो. साधे कन्व्हर्टर "३० म्हणजे ३०" असं धरून फ्रेमा मोजतात, मग दर मिनिटाला थोडाथोडा फरक साठत जातो आणि दीड तासाने टाळ आधी दिसतो. म्हणूनच सुरुवातीला तुम्हाला ठीक वाटलं.

यावर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, मोबाईलची फाइल त्यात टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २५ आणि त्याखाली "कॉन्स्टंट" निवडा, क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवा. निघेल ती एमपी४च, हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, पण फ्रेमा एकसारख्या झाल्या की पुढचं सगळं सरळ होतं. ३० चे २५ करताना हालचालीत किंचित धक्का दिसेल, डबा टीव्हीवर कोणाच्या लक्षात येणार नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर आवाज पूर्ण हँडीकॅमचाच घेतला असता आणि मोबाईलचे तुकडे फक्त मध्ये मध्ये चित्र म्हणून टाकले असते, बुवांचा क्लोजअप, पखवाजावरचा हात असे. शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं हे, तेही फुकट आहे, व्हेरिएबल फाइल टाकली की ते स्वतःच विचारतं की एडिटिंगला सोपी करून देऊ का, हो म्हणा. मोबाईल सलग तासभर लावू नका, दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, लहान तुकडे टाकले तर प्रत्येक तुकडा टाळाच्या ठोक्यावर जुळवता येतो.

हँडीकॅमच्या फाइली तोडलेल्या नाहीयेत, कार्डाच्या फॉरमॅटला फाइलच्या आकाराची मर्यादा असते म्हणून तो २ किंवा ४ जीबी झाले की पुढची फाइल सुरू करतो. फ्रेम एकही गेलेली नसते. मात्र आधी जोडा, मग कन्व्हर्ट करा. एकेक वेगळी कन्व्हर्ट करून नंतर चिकटवली तर प्रत्येक सांध्यावर टक् असा आवाज येतो किंवा क्षणभर गप्प होतं, आणि ते नेमकं आलापात येतं. एमटीएस जोडणं सोपं आहे, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी लिहायचं, स्पेस देऊन स्लॅश बी, मग फाइलींची नावं क्रमाने मध्ये अधिकचं चिन्ह देऊन, शेवटी नवीन नाव. काही एन्कोड होत नाही, शेपटाला डोकं जोडलं जातं फक्त.

आणखी एक, हँडीकॅम ५० आय असेल तर चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळीत दोन वेगवेगळे क्षण. ते तसंच लहान केलं तर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. शॉटकटमध्ये प्रोग्रेसिव्ह २५ असा व्हिडिओ मोड ठेवला की ते डीइंटरलेस करून घेतं, तिकडे लक्ष ठेवा.

शिकाऊ_उमेदवार

मध्येच घुसतोय सॉरी. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये कमांडच्या एका ओळीत होतं म्हणतात ते खरं का?

बिटरेटबाबा

खरं आहे. टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी दिलं की साइझ, २५ फ्रेम, एसी३, ४८ किलोहर्ट्झ सगळं आपोआप बसतं. पण दोन गोष्टी आपोआप होत नाहीत. तो चित्राला ६००० आणि आवाजाला ४४८ धरून चालतो, तुमचा व्हिडिओ लांब असेल तर डिस्कवर मावणार नाही, आकडा स्वतः द्यावा लागतो. आणि आस्पेक्ट (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९ असं सांगावं लागतं. आणि निघते ती नुसती एमपीजी फाइल, तिची डीव्हीडी करायला ऑथरिंग (व्हिडिओ_टीएस फोल्डर, मेनू असं सगळं बांधणं) लागतंच. ज्याला काळी खिडकी बघून धडकी भरते त्याने डीव्हीडीस्टायलर घ्यावं, टाळकरी तुम्ही पण तेच घ्या. त्यात व्हिडिओ ओढून टाकला की खाली पट्टीवर किती डिस्क भरली ते दिसतं, मेनू बनतो, चॅप्टर टाकता येतात. प्रत्येक अभंगाला एक चॅप्टर टाका, रिमोटवर पुढचं बटण दाबलं की पुढचा अभंग. मेनूत मंडळाचं नाव टाकाल ते कडेला टाकू नका, डबा टीव्ही चारी बाजूंनी थोडं थोडं खातो, मंडळाचं अर्धं नाव जाईल आणि अध्यक्ष नाराज होतील.

स्टुडिओवाला_मिरज

आता आवाजाचं मी सांगतो, माझा जीव तिकडे जास्त.

पहिली गोष्ट, आवाज "कन्व्हर्ट" करायच्या आधी आत काय आहे ते बघा. मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फाइल टाकली की सगळी कुंडली सांगतं. तुमच्या एमटीएसमध्ये आवाज बहुतेक आधीपासूनच एसी३, ४८ किलोहर्ट्झ असणार, त्या जातीचे हँडीकॅम तेच रेकॉर्ड करतात. डीव्हीडीला लागतं ते हेच! म्हणजे हँडीकॅमचा व्हिडिओ काही न कापता लावणार असाल तर डीव्हीडीस्टायलरमध्ये आवाजाला "कॉपी" निवडा, परत एसी३ चं एसी३ करून कशाला खराब करता. शॉटकटमधून एडिट करून आणलं तर मात्र नव्याने बनवावं लागेल, मग २५६ द्या. पीसीएम देऊ नका, ते एकटंच १५३६ केबीपीएस खातं.

सीडीसाठी आवाज काढायचा तो या डीव्हीडीतून काढू नका. जोडलेल्या मूळ एमटीएसमधून काढा. बरेच लोक आधी डीव्हीडी करतात, तिच्यातून एमपी३ काढतात, ती एमपी३ कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि मग तक्रार करतात की आवाज बसका येतो. प्रत्येक पायरीला काहीतरी गळत असतं.

एफएफएमपेगमध्ये डॅश व्हीएन दिलं की चित्र टाकून देतं, आणि ऑडिओ कोडेक कॉपी दिला की आवाज जसाच्या तसा बाहेर येतो, दोनपाच सेकंदात, कारण एन्कोडिंग काही नाहीच. ती फाइल एसी३ म्हणून जपून ठेवा. मोबाईलच्या एएसीचं असंच केलं तर एम४ए निघेल. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायला मात्र डब्ल्यूएव्ही काढा, कारण एसी३ उघडायला ऑडॅसिटीला वेगळी लायब्ररी जोडावी लागते, उगाच घोळ.

ऑडॅसिटीत सगळं सलग दिसेल. आता हार्मोनियम आणि पखवाज हे एकवेळ परवडले, पण टाळ म्हणजे कॉम्प्रेशनचा वैरी. वीस जोड्या एकदम वाजतात तेव्हा वरच्या पट्टीत नुसता लखलखाट असतो, १२८ ची एमपी३ तिथे हात टेकते आणि टाळ पाण्यातून वाजल्यासारखे येतात. एमपी३ करणारच असाल तर १९२ च्या खाली जाऊ नका, मी तर २५६ म्हणेन. आणि ते "नॉइज रिडक्शन" बटण दिसतं ना, त्याला हात लावू नका, पंख्याचा आवाज जाताना टाळांची चमक पण जाते. हँडीकॅम स्वतःच आवाज वरखाली करतो, बुवा एकटे गात असतात तेव्हा वर आणि सगळे तुटून पडले की खाली, ते पूर्ण सुधारत नाही, जास्त खटपट न करता सगळ्यात वरचं टोक वजा १ डीबीला येईल असं नॉर्मलाइझ करा आणि पुढे चला.

अभंग तोडायला जिथे तोडायचं तिथे कर्सर ठेवून कंट्रोल बी दाबा, लेबल पडतं, त्यात नाव लिहा, रूपाचा अभंग, गवळण, भैरवी जे असेल ते, शेवटी एक्स्पोर्ट करताना "मल्टिपल फाइल्स, लेबलनुसार" म्हटलं की एका दमात सगळे तुकडे पडतात.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. भजन तुटत नाही. एक अभंग संपता संपता बुवा दुसऱ्याचा गजर उचलतात आणि पखवाज चालूच असतो. तिथे तोडून ऑडिओ सीडी केली की दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर खड्डा पडतो. त्याची कारणं दोन. एक, बर्न करणारं सॉफ्टवेअर स्वतःहून २ सेकंदांची शांतता घालतं, ती शून्य करायची आणि डिस्क-ॲट-वन्स (पूर्ण डिस्क एका दमात लिहिणं) निवडायचं. दुसरं, ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे ७५ समान भाग असतात आणि ट्रॅक त्या भागाच्या हद्दीवरच सुरू होतो, तुमचा तुकडा भलतीकडेच तुटला असेल तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि बारीक टक् ऐकू येतं. ऑडॅसिटीत स्नॅप चालू करून त्यात सीडीडीए फ्रेम्स (म्हणजे हेच ७५ भाग) निवडा, प्रोजेक्ट रेट ४४१०० करा, मग लेबलं टाका. तुटलेला सांधा ओळखू येणार नाही.

टाळकरी_वाई

हे ७५ भागांचं भारीच. पण ऑडिओ सीडी आणि एमपी३ सीडी यातली कुठली करू? आणि डीव्हीडीचे दोन भाग केले तसेच सीडीचे पण दोन होतील ना?

स्टुडिओवाला_मिरज

नाही होणार, तिथेच गंमत आहे. ऑडिओ सीडीचं माप एमबीवर नाही, मिनिटांवर आहे, ८० मिनिटं म्हणजे ८० मिनिटं, मग तुम्ही त्यात कितीही बारीक एमपी३ घाला, बर्न करताना ती परत पूर्ण पीसीएमच होते. तुमचा अर्धा कार्यक्रम ८३ च्या वर जातो, म्हणजे तीन सीड्या. पण कार्यक्रमात सत्कार असतील, नारळ शाल, सरपंचांचं भाषण, आभार. टेम्पोत चालताना कोण ऐकणार ते? ते काढलंत तर दोन सीड्यांत बसेल.

टेम्पोच्या प्लेयरवर तोंडाशी एमपी३ असं छापलंय का बघा. असेल तर एमपी३ची डेटा सीडी करा, १९२ ने सगळा कार्यक्रम साधारण २४० एमबी होतो, ७०० च्या सीडीत मागच्या वर्षीचा पण मावेल. तोटा एकच, एमपी३च्या मागेपुढे थोडी शांतता जोडली जातेच, त्यामुळे ती ७५ भागांची हुशारी तिथे चालत नाही. मग जिथे खरोखर थांबलेत तिथेच तोडा, दोनतीन अभंग एका ट्रॅकमध्ये राहिले तर राहू देत. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ टाका आणि नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, गाडीतले प्लेयर देवनागरी नाव चौकोनात दाखवतात.

जर्सीकर

बघून बरं वाटलं, माझं आजोळ वाईजवळच. एक भर घालतो, यातली एखादी डिस्क कोणाच्या मुलाला अमेरिकेत पाठवायचा विचार असेल तर नका पाठवू. घरी केलेल्या डिस्कला रीजन कोड (कुठल्या देशात चालेल याचं कुलूप) नसतो, ती अडचण नाही, पण इकडचे, अमेरिकेतले, बरेचसे प्लेयर पाल वाचतच नाहीत, इकडे एनटीएससी, ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. उलट मात्र चालतं, तिकडचे बहुतेक प्लेयर एनटीएससी पण वाचतात. आमच्यासाठी आपली एमपी४च गूगल ड्राईव्हवर टाका, ती पण डीव्हीडीवरून काढलेली नको, मूळ एचडी.

शिकाऊ_उमेदवार

मी मघाशी घुसलो होतो तोच. माझं उलटं आहे, आईबाबांच्या लग्नाची व्हीसीडी आहे, दोन डिस्क, त्यातून मोबाईलवर बघता येईल असं करायचंय आणि मंगलाष्टकांचा आवाज वेगळा हवाय. डिस्कमध्ये डॅट फाइल दिसते, ती कॉपी करताना मध्येच एरर येतो.

बिटरेटबाबा

एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट ना, ती आतून एमपेग-१ च आहे, ३५२ बाय २८८, व्हीएलसीत सरळ चालते. व्हीसीडीवर व्हिडिओ ज्या प्रकारे लिहिलेला असतो त्यात चुका दुरुस्त करायची जागा कमी ठेवलेली असते, म्हणून थोडा ओरखडा असला तरी विंडोजची साधी कॉपी हात वर करते. आधी डिस्क साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, पुसताना गोल गोल नाही, मधून बाहेर सरळ. मग दुसऱ्या ड्राईव्हवर बघा, जुना डेस्कटॉपचा ड्राईव्ह पातळ लॅपटॉपवाल्यापेक्षा जास्त सोशिक असतो. इमगबर्न या डिस्क वाचायच्या-लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचण्याचा वेग कमी करून आणि एरर दुर्लक्षित करायला सांगून पूर्ण डिस्कची इमेज (एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल) काढा, मध्ये एखादा सेकंद फाटेल पण बाकीचं मिळेल.

एमपी४ करताना मोठं करू नका, २८८ ओळींचं १०८० करून चेहरे स्पष्ट होत नाहीत, फाइल तेवढी फुगते. आणि ती मूळ इमेज पण ठेवा, एमपी४ झाली म्हणून टाकू नका.

मंगलाष्टकांचं सोपं आहे. व्हीसीडीचा आवाज एमपी२, २२४ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ असतो. ऑडिओ सीडीला ४४.१ च लागतं, त्यामुळे रेट बदलायची भानगड नाही. डॅश व्हीएन आणि कॉपीने एमपी२ म्हणून काढून ठेवा, मोबाईलसाठी त्यातून वेगळी एमपी३ करा.

टाळकरी_वाई

सगळ्यांचे आभार. पूर्वार्धाची डिस्क झाली, चॅप्टर सकट! माझ्या प्लेयरवर लागली. आता मंडळासाठी तीसएक प्रती काढायच्यात, एकेक परत परत डीव्हीडीस्टायलरमधून काढू का? आणि वर विठ्ठलाचं चित्र आणि मंडळाचं नाव असं गोल स्टिकर छापून लावायचा विचार आहे, डीटीपीवाला करून देतो म्हणाला.

स्टुडिओवाला_मिरज

परत परत नको, डीव्हीडीस्टायलरला बर्नऐवजी आयएसओ इमेज बनवायला सांगा, एकदाच. मग इमगबर्नने त्या इमेजवरून प्रती मारत बसा. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, १६ ला मारलेल्या डिस्क जुन्या प्लेयरना झेपत नाहीत. व्हेरिफायची टिक काढू नका, वेळ लागतो पण खराब डिस्क घरातच कळते. डीव्हीडी वजा आर घ्या, अधिक आर पेक्षा जुन्या प्लेयरांना ती जास्त चालते. आणि तुमच्या प्लेयरवर लागली यावर जाऊ नका, मंडळात सगळ्यात जुना प्लेयर कोणाकडे आहे तिथे एक लावून बघा, अख्खी, शेवटपर्यंत, कारण अडखळतं ते बाहेरच्या कडेला, आणि डिस्क आतून बाहेर लिहिली जाते म्हणजे तुमची पावली नेमकी तिथेच येणार.

स्टिकर लावू नका. कागद एका बाजूला केसभर सरकला तरी डिस्क फिरताना थरथरते, आणि दोन पावसाळ्यांत गोंद सुटून कड उचलली की प्लेयरच्या आत अडकते. चित्र हवंच असेल तर इंकजेटवर थेट छापता येणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या डिस्क मिळतात, त्या घ्या. नाहीतर विठ्ठलाचं चित्र कव्हरवर छापा आणि डिस्कवर सीडी मार्करने नुसतं "पूर्वार्ध" लिहा. बॉलपेनने लिहायला देऊ नका कोणाला, सीडीची चमकणारी पातळ थर वरच्याच बाजूला असते, दाबून लिहिलं की ती खरवडते.

टाळकरी_वाई

पांढऱ्या पाठीच्या साताऱ्यात मिळतील का?

रांगडा_कोल्हापूर

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या होलसेलवाल्याकडे पन्नासचा डबा मिळतो अजून, साताऱ्यात पण तसल्याच दुकानात विचारा, मोबाईलच्या दुकानात नका जाऊ, ते हसतात.